दोऱ्याची गाठ

पुलाच्या या टोकाला ब्राझील, त्या टोकाला पराग्वे,
खाली पारानाचं चहाच्या रंगाचं पाणी.
आम्ही पायीच निघालो, मी आणि माझी जुरेमा.
माझ्या खिशात आठ महिन्यांची इस्त्री,
हॉटेलच्या चादरी, उशांचे अभ्रे,
तिच्या मुठीत एक लाल दोरा.
दोरा कशाला, ते विचारलं नाही.
वाटलं, नवस असेल.

सिउदाद देल एस्तेत दुकानाला दुकान खेटून,
काचेआड ग्राफिक्स कार्डं,
तीन-तीन पंख्यांची, दिव्यांनी नटलेली,
वरातीतल्या घोड्यासारखी.
मी सगळ्यात मोठ्याकडे बोट दाखवलं.
बापाचं बोट तिकडेच जातं.
तिने ते हलकेच खाली आणलं.
"बाबा, आपला मॉनिटर केवढा!
आणि आपला पॉवर सप्लाय
याच्या पहिल्याच घासाला मान टाकेल."

"मग हे घ्या," नाझीह म्हणाला, "निम्म्या किमतीत.
वर्षभरच वापरलंय."
जुरेमाने ते उलटं केलं. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या.
नाकाशी नेलं.
"हे रात्रंदिवस नाणी खोदत होतं, काका.
झोपू द्या त्याला आता."
नाझीह हसला,
चोरी पकडली गेल्यावर माणूस हसतो तसा.

उरलं मधलं.
मधल्याचं कौतुक कुणी करत नाही, मला ठाऊक आहे,
मी पाच भावंडांतला तिसरा.

मधल्यातही दोन निघाली. तिने वही काढली,
डॉलर भागिले फ्रेम.
"आठ जीबी आज पुरेल. बारा, मी कॉलेजात जाईपर्यंत."
फरक अठ्ठावीस डॉलरचा.
मी मनात चादरींत मोजला: एकशे चाळीस.
म्हटलं, "बारा."

तेव्हा दोरा उलगडला.
दोऱ्याला एक गाठ होती.
"आमच्या डब्यात एवढीच जागा आहे,"
आणि तिने तो कार्डाच्या अंगाला लावला.
गाठीच्या पुढे दोन बोटं कार्ड शिल्लक.
नाझीह माळ्यावर चढला, धुळीतून एक खोका काढला:
तीच चिप, तेच बारा,
पण दोनच पंखे, ठेंगणं, अंगाने भरलेलं,
एकही दिवा नाही.
गाठीच्या आत मावलं, एक बोट राखून.
"अंधारंच आहे हे," मी कुरकुरलो.
"खोलीत बल्ब आहे ना, बाबा."

परतताना पुलावर शिपायाने पिशवी उघडायला लावली.
तिने पावती पुढे केली.
कोट्याच्या आत. तेही एक बोट राखून.

रात्री बटण दाबलं.
आवाजच नाही.
"चालू आहे ना?" मी तीनदा विचारलं.
ती बोलली नाही.
पडद्यावर कुठलंसं कुरण होतं.
कालपर्यंत तिथे नुसता हिरवा डाग असायचा,
आज एकेक पातं आपापलं हलत होतं.

माऊसशेजारी लाल दोरा पडला होता.
मी तो गुंडाळून खिशात टाकला.
सकाळी दोनशे चादरी आहेत.