शब्दागणिक पैसे

धुळ्यात, साक्री रोडवरच्या दवाखान्यात
उखर्डू नाना बडगुजरांनी ती गिळली,
खारकेएवढी, गुळगुळीत, एका घोटात.
हिमोग्लोबिन सहा. रक्त कुठे झिरपतं, कळत नव्हतं.
कमरेला पट्टा बांधून घेताना म्हणाले,
"मझार दिवा शे का?"

आहे, म्हटलं. दिवा आहे, डोळा आहे,
घड्याळाचे असतात तसले दोन सेल
आणि हातात आठ तास.
तेवढ्यात पन्नास हजार चित्रं बाहेर धाडायची.
म्हणून मी रंग लिहीतच नाही, नाना.
गुलाबीशेजारी गुलाबीच असतो.
फक्त फरक लिहिते:
एक कमी, दोन जास्त, शून्य, शून्य, शून्य.
शून्य स्वस्त पडतं.
फारच बारीक फरक असला
तर तोही शून्य धरते.

नाना हसले.
चोवीस वर्षं अमळनेरच्या तार ऑफिसात
खिडकीशी आलेल्याचं सगळं ऐकायचं
आणि त्याच्या खिशाकडे बघत खोडायचं:
चिरंजीव, सप्रेम, कालपासून, देवाच्या कृपेनं.
"आई बरी" उरायचं.
तेवढ्यावर सुरतेच्या गिरणीतला कुणी
रात्रभर झोपायचा.

मग पट्ट्यावरचा हिरवा दिवा बघत बसले.
एकदा घाईत 'नको' राहून गेला, म्हणाले.
'निघणे नको' होतं.
पोरगा निघाला.
नंदुरबार स्टेशनावर डोकं भादरून घेतलं त्यानं,
आणि घरी दार उघडलं
ते आईनंच.

रात्री मी कोड उघडला.
लाल जिथे हलतो, तिथला फरक
कितीही बारीक असो, शून्य धरायचा नाही.
एवढीच ओळ.
तिच्यापायी सेल अकरा मिनिटं आधी संपतो,
दोनदा मोजून पाहिलं.

पण नानांच्या पोटात जुनीच होती.

चित्र एकतीस हजार चारशे सहा.
गुलाबी, ओलसर, घडीवर घडी,
आणि डाव्या कोपऱ्यात एक सपाट जागा,
जरा जास्तच सपाट.
डॉक्टर मोठं करून बघत राहिले.
मोठं केल्यावर फक्त चौकोन मोठे झाले.
तिथे काही नव्हतं,
किंवा मी ते खोडलं होतं.

सांगायला गेले तेव्हा नाना उठून बसलेले,
कालपासून उपाशी.
पुढच्या मंगळवारी दुसरी, म्हटलं,
नवीन ओळ घातलेली.
"गिळसू," म्हणाले,
"पन पहिले कळनानी भाकर दे."