गाळ्यातला गाळ

रबाळ्याला, एमआयडीसीत माझा गाळा आहे.
डावीकडे रबरी गॅस्केट कापतात,
उजवीकडे लोबोचा मुलगा खोक्यांना पट्ट्या मारतो.
शटरवर अजून जुन्या मालकाचं नाव : अंबिका स्प्रिंग्ज.
पोस्टमन मला स्प्रिंगवाल्या बाई म्हणतो
आणि मी सही करून टपाल घेते.

आल्या आल्या पंखा लावायचा नाही.
कपांचे कान आधी सुकतात, अंग ओलं राहतं,
मग कान सुटून हातात येतात.
एवढं कळायला दोन वर्षं गेली
आणि शंभरेक कान.

शुक्रवारी लाइट नसते. शुक्रवारी मळणं.
थानगडची पांढरी, तीत थोडी बिकानेरची,
मळता मळता तिला मेंढ्याचं तोंड येतं,
आणि मनगट दुखायला लागलं
की तेच तोंड माझ्याकडे बघतं.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मंडळी जमतात.
कळव्याहून दाबके, निवृत्त ड्राफ्ट्समन,
लाकूड कोरून ठसे काढतात, सगळे काटकोनात.
शर्वाणी बँकेतली,
नखांतल्या शाईबद्दल तिथे खोटं बोलते.
तुर्भ्याचा इम्तियाज भंगारातले पत्रे जोडून पक्षी करतो,
लोक वाहवा करतात, घेत नाहीत,
लिफ्टमध्ये मावत नाहीत म्हणून.
प्रत्येकाचा एकेक बिघडलेला कप ठरलेला.
दाबक्यांचा कप कलंडतो. त्यांना तोच हवा असतो.

वाशीला प्रदर्शन लागतं तेव्हा
लोक वाडगा उलटा करून किंमत शोधतात,
त्यांना माझी सही सापडते,
मग हळूच, अगदी जपून, परत ठेवतात.

धाकलीबाय ऐरोलीत टोपली घेऊन बसते,
निवट्या, चिंबोऱ्या, कधी थोडी कोलंबी.
तिला म्हटलं, मला खाडीचा गाळ हवाय, बादलीभर.
"पैशे देऊन चिखोल?"
शेजारणीला हाक मारून तिने ते पुन्हा सांगितलं.
ऐंशी रुपये घेतले, बादली परत मागितली.

तो गाळ मी तीनदा गाळला.
शिंपल्या निघाल्या, बांगडीचा हिरवा तुकडा,
गुटख्याची पुडी, केसासारखी मुळं.
उरलं ते राखेत कालवून सहा वाडग्यांवर चढवलं
आणि भट्टी लावली.
चारशेच्या आसपास असा वास सुटला
की लोबोचा मुलगा नाकाला रुमाल लावून बघून गेला.
बाराशे वीसला बंद केली.
थांबायचं असतं. मी थांबले नाही.
एकशे ऐंशीलाच दार किलकिलं केलं,
आतून टिंग, टिंग,
दोन वाडगे तडकले ते माझ्या उतावीळपणाचे.
उरलेल्या चारांचा रंग
चिंबोरीच्या पाठीचा,
कडेला जरा शेवाळी.

एक धाकलीबायला नेऊन दिला.
तिने तो दोन्ही हातांनी नाकाशी नेला.
मी बघत होते, ती रंग बघेल म्हणून.
"ह्यो आमचा नाय. वास कया गेला ह्याचा?"

मी भट्टीचं सांगू लागले, अंशांचं, धुराचं,
ती एका गिऱ्हाईकाला निवट्या मोजून देत होती.
मला तिचं म्हणणं पटलं होतं
आणि बोलणं थांबवता येत नव्हतं.
शेवटी तिने वाडगा टोपलीशेजारी ठेवला,
ओल्या हाताने त्यात सुटे पैसे टाकले.

पुढच्या महिन्यात तिच्याकडे कोलंबी घेतली.
त्याच वाडग्यातून तिने तीस रुपये परत दिले,
दोन दहाच्या नोटा ओल्या,
नाण्यांना खवला चिकटलेला.

रविवारी चहा होता. दाबक्यांनी कप सावरून धरला होता.
शर्वाणी म्हणाली, कसला गं वास येतोय, खाडीसारखा?
इम्तियाज शटरबाहेर बघून आला.
मी पाकीट टेबलावर ठेवलं होतं, उघडं,
ते तसंच राहू दिलं.