करंगळी

एक्केचाळिसाव्या भागात डॉक्टर नॉटवेलला
एकदाचं सगळं मिळतं.
चाळीस भाग तो नुसता हरत आला:
कधी तुरुंगाच्या गाडीत, कधी डांबराच्या पिंपात,
एकदा तर त्याच्याच यंत्राने त्याला केकमध्ये भाजून काढलं.
आता उल्केचा हिरवा तुकडा त्याच्या मुठीत आहे
आणि पटकथेत स्पष्ट लिहिलंय,
बावीस मिनिटं तो म्हणेल ते खरं.

मग तो चंद्राचं अंडं करतो आणि फोडतो.
नदीवरचा पूल उचलून मफलरसारखा गळ्यात घालतो.
कॅप्टन टॉर्क, हनुवटी विटेएवढी,
त्याचा होतो गोल्डफिश. बरणीतल्या पाण्यातूनही
बजावत राहतो : न्याय झोपत नाही!
इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे.

बरबँकमध्ये रात्रीचे सव्वादोन.
अर्लीन कोवाच पारदर्शक ताव उलटा धरून
मागच्या बाजूने रंग भरते आहे.
हातमोज्याची तीन बोटं कापलेली, दोन शाबूत.
जांभळा नंबर सात, म्हणजे त्याचा झगा.
चाळीस ताव झाले की घरी.
तेहतिसाव्यावर ब्रश थांबतो.
त्याला पाच बोटं आहेत.

कार्टूनला चारच असतात.
पाचवं काढायला वेळ लागतो, वेळेला पैसे.
हाताची पाची बोटं सारखी नसतात, म्हणतात.
यांना चारच, आणि चारही सारखी,
फुगवलेली, बिननखाची.
हे पाचवं मात्र बारीक, जरासं वाकडं,
नखाशी कुरतडलेलं.

ती पुढचे ताव चाळते.
तो धावत नाहीये.
चाळीस भाग तो एकाच रस्त्यावरून धावला,
न्हाव्याचं दुकान, लाल नळ, बेकरी,
न्हाव्याचं दुकान, लाल नळ, बेकरी,
चार फुटांचं चित्र, मागून गोल गोल सरकवलेलं.
आज तो बेकरीपाशी थांबलाय.
दार ढकलतो. आत कोरं.
आतलं कुणी रंगवलंच नव्हतं कधी.

ज्याला अख्खं शहर मेणासारखं वितळवता येतं
तो एक फळी करतो. फळीवर पाव.
पावाला वास आणायला त्याला चंद्राहून जास्त वेळ लागतो,
त्या शहरात कधी काही भाजलंच नव्हतं,
त्याच्याखेरीज.
मग एक बाई, कोपरापर्यंत पीठ.
तिला नाव द्यावं की नाही, त्याचं ठरत नाही.

ती पाव पुढे करते.
तो आभार मानायला तोंड उघडतो
आणि हसू बाहेर पडतं.
तेच, पोटातून वर चढत जाणारं,
होबार्ट लिंडक्विस्टने एका दुपारी, सर्दीत,
सहा वेळा हसून ठेवलेलं.
होबार्ट मार्चमध्ये गेला. टेप आहे. तेवढीच.
तो पुन्हा प्रयत्न करतो.
पुन्हा तेच. बाई एक पाऊल मागे.
पूल वाकला, घड्याळं वाकली,
मेलेल्या माणसाचा आवाज वाकत नाही.

तेव्हा तो वळतो, थेट अर्लीनकडे,
आणि ते पाचवं बोट वर करतो,
वर्गात पोरं करतात तसं.
जरा बाहेर जाऊन येऊ?

अर्लीन ओहायोची. तिला ही खूण ठाऊक नाही.
तिच्या घरी करंगळीत करंगळी अडकवली
की ते वचन असतं.
रोज संध्याकाळी निघताना तिची मुलगी
तसंच वदवून घेते : मी उठायच्या आत ये.
ती हातमोजा काढते. असं करायचं नसतं.
तावावर, त्याच्या करंगळीवर, आपली टेकवते.

मग पात्याने खरवडते. नोकरी आहे.

शनिवारी सकाळी टॉर्कची बरणी फुटते,
चंद्र जागेवर, पूल जागेवर,
नॉटवेल तुरुंगाच्या गाडीत,
चार चार बोटांनी गज धरून.
मध्ये कुठेतरी, सेकंदाचा बारावा भाग,
त्याच्या हाताशी एक पुसट ठसा दिसतो,
दिसलाच तर.

पावाचं काय झालं
ते पटकथेत नाही.