काना

खानापूरचा मडिवाळप्पा पेंटर मराठी झ्याक बोलतो.
लिहिताना काना कुठं द्यायचा, ते मात्र आम्हाला विचारतो.
त्या दिवशी विचारायला कोणी नव्हतं,
सगळ्या बाया भिरंडं फोडत बसलेल्या,
कोपरापर्यंत लाल.

पत्र्यावर वर कन्नड, बिनचूक.
खाली निळ्या रंगात मराठी :
या कोंडीत मासे मरू नयेत.

रवळू गुरव म्हणाला, एक रेघ तर ओढायची, द्या ब्रश इकडं.
खरं पेंटर सव्वापाचच्या बसनं गेला होता,
ब्रशसकट.

आदल्या वर्षी याच कोंडीत
भरमूनं दोन किलो ब्लीचिंग टाकलं
आणि एका रात्रीत पोतंभर मासे काढले,
बोटाएवढी पिल्लंसुद्धा.
म्हशी तीन दिवस पाण्याला तोंड लावेनात.
भरमू माझा दीर. हे सांगायला पाहिजे.
त्या पोत्यातलं कालवण मी रांधलं, मीच वाढलं,
मीही जेवले.
पावडरीच्या माशांना वास येतो म्हणतात.
आम्हाला आला नाही.

मग सातेरीच्या देवळात बैठक.
लुसीचा नवरा बेतूलला ट्रॉलरवर होता,
ती म्हणाली, तिकडं पावसात जाळी गुंडाळून ठेवतात,
एवढ्या मोठ्या समुद्राला सुट्टी असते,
मग आपला ओढा घाट उतरून त्याच्याकडंच जातो की,
ह्याला का नको?
ठरलं. गळ चालेल. जाळं नाही, पावडर नाही, सुतळी बॉम्ब नाही.
दंड पाचशे एक, वर महिनाभर समईचं तेल.
बैठकीत भरमू शेवटच्या खांबाला टेकून
चुना मळत होता.

मे महिन्यात कोंड आटत आटत
बैलगाडीएवढी राहिली.
खडसांच्या पाठी उघड्या पडल्या,
तोंडं वर, आवाज नाही.
आम्ही काठावर उभ्या.
भरमू म्हणाला, मारतंय कोण?
दंड कुणाला लावताय, सूर्याला?
खरंच होतं ते. नियम कुणीच मोडला नव्हता.

तुळसाक्काला वाचता येत नाही.
तिनं नातीला पाटीसमोर उभं केलं.
वाच.
नातीनं काना नव्हता तसंच वाचलं.
म्हातारी म्हणाली,
लिवलंय तसं करा.

रात्रभर घागरी, कळश्या, लग्नातली पातेली,
लुसीकडचे बर्फाचे थर्माकोलचे डबे.
खाली दोन फर्लांगावर देवकोंड, तिला तळ नाही म्हणतात.
ईराण्णा गार्ड बॅटरी घेऊन आला, आधी ओरडला,
मग शर्ट काढून घागर उचलली.
कपारीत हात घालून खडस कसा धरायचा
ते एकट्या भरमूला ठाऊक.
पोटाखालून, हळू, तान्ह्याला उचलावं तसा.
ही विद्या त्यानं कशासाठी शिकली होती
ते सगळ्यांना माहीत होतं. कोणी काढलं नाही.

त्या रात्री अंगणातली सोलं उलटायची राहिली.
दोन पाटांना बुरशी आली, गोव्याच्या व्यापाऱ्यानं भाव पाडला.
बचत गटाच्या वहीत माझ्या अक्षरात आहे :
सोलं एकेचाळीस किलो.
मासे खाली नेले तीनशे सत्तेचाळीस.
वाटेत मेले अकरा.
अकरावर मी दोनदा पेन फिरवलंय,
खोडायला नाही. नीट दिसावं म्हणून.

दिवाळीनंतर मडिवाळप्पा दुसऱ्या कामाला आला,
पाटी बघून कपाळाला हात लावला.
तप्पायतु वैनी, आत्ता देतो काना, पैसे नको.
ब्रश बुडवला.

नको, तुळसाक्का म्हणाली.

घे की देऊन, भरमू मागून बोलला,
काना स्वस्त पडतो.
पुढचा मे बघितलाय का कुणी?

सगळ्या हसल्या. मीही.
मग कोणी काहीच बोललं नाही बराच वेळ,
नुसता ओढ्याचा आवाज.
ब्रशवरचा निळा थेंब लांबत चालला होता.
वाया जायला नको
म्हणून त्यानं खांब रंगवला.