लाल रेघ

काच भिंगाखाली सरकवली तेव्हा
अशोक चौकाकडचा मागांचा खडखडाट
खिडकीतून आत आलेलाच होता.

चार मायक्रॉनचा काप. तळपाय, डावा.
राजमल्लू कुडक्याल, वय एकसष्ट, वहिफणी कामगार.
अर्जावर लिहिलंय : काळा डाग, दोन वर्षं.
तो म्हणाला होता,
‘कारखान्यातला खिळा रुतला असंल की ओ.’

मेलॅनिन स्वतःच तपकिरी,
म्हणून आम्ही लाल रंग चढवतो,
नाहीतर चोर नि शिपाई एकाच गणवेशात.
निरोगी कातडीत ती रेघ लगेच दिसते,
पेशीपेशीच्या शिवेवर, बारीक :
ई-कॅडहेरीन.
दोन्हीकडून बोटं काढून
एकमेकांत अडकवून बसलेलं प्रथिन.
धरून राहायला त्याला कॅल्शियम लागतं,
हे सांगितलं तर हसला,
डबीतला चुना नखावर घेत म्हणाला,
‘मग माझं कसं सुटलं?’

मला उत्तर येत नव्हतं.

संपलेल्या बीमची टोकं नव्या बीमला
तो जन्मभर जोडत आला,
एका बैठकीत दोन हजार चारशे धागे,
बोटाला राख लावून.
एक जरी राहिला तर टॉवेलभर वाट पडते.

डागात ती रेघ नाही.
काळ्या पेशी सुट्या, गोल,
पाळी सुटल्यासारख्या.
दुसऱ्या काचेवर दुसरं प्रतिपिंड टाकलं
आणि तिथं लाल उजळला : एन-कॅडहेरीन.
म्हणजे हात सोडलेला नाही,
बदललाय.
आता शेजारणीचा नाही,
तंतुपेशीचा, रक्तवाहिनीच्या भिंतीचा,
धरत धरत जांघेपर्यंत.

पुस्तकात याला स्थलांतर म्हणतात.
मी अहवालात तो शब्द लिहीत नाही.
राजमल्लूचा आजा करीमनगरकडून
एक धोटा नि दोन पोरं घेऊन आला,
साखर पेठेत कुणाच्या तरी ओट्याला
चिकटून राहिला.
त्यालाही आम्ही तेच म्हणतो.

अहवाल न्यायला तो स्वतःच आला,
एका पायात चप्पल, दुसऱ्यात पट्टी.
मी शिक्का शोधत होते, तेवढ्यात
फाइलची तुटलेली दोरी त्यानं उचलली,
दोन्ही टोकं अंगठ्याखाली घेतली.
‘गाठ मारा ना सरळ,’ मी म्हणाले.

‘नाय ओ मॅडम. गाठ फणीत अडकते.
पीळ द्यायचा.’