डिस्टिल्ड पाणी

फिरकेबाईंच्या घरी इन्व्हर्टर नाही,
तरी दर सोमवारी पाच लिटरचा कॅन.
तिसऱ्या उन्हाळ्यात विचारलंच मी,
बाई, पिता की काय हे?
म्हणाल्या, मी नाही, ती पिते.
भुसावळचं पाणी खारं, तिला सोसत नाही.
या वर, दाखवते.

घटपर्णी.
गारो टेकड्यांतल्या धुक्यातली,
इथे जामनेर रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
कूलरच्या ओल्या वाळ्याला टेकून उभी.
पानाच्या टोकाला दोरा, दोऱ्याला घडा,
घड्याला झाकण, आणि आत
एक डोंगळा, पोहणं संपलेला.

एकाच वेलीचे दोन तुकडे केलेले.
खिडकीतली बामणोदच्या वांग्यासारखी,
फिकट हिरवी, पांढुरक्या रेघांची.
दुसरी गच्चीवर, केळीच्या रोपांना घालतात
त्या जाळीखाली,
ओठापासून पेटत खाली गेलेली.

आई एकच ना, मग ही अशी का?
"ऊन. आणि डिसेंबरातल्या रात्री.
लाल म्हणजे पानानं स्वतःसाठी शिवलेली छत्री.
रागावलेली नाही ती."

मे महिन्यात पारा सत्तेचाळीस.
घडे धरलेच नाहीत. नुसते दोरे,
टोकाला काळा ठिपका,
आमच्याकडे टर्मिनल जळतं तसा.

बाईंची एक वही होती.
तारीख, ऊन किती तास, रात्रीचा पारा, रंग.
रंगांना पुस्तकातली नावं नाहीत:
९ ऑगस्ट. शेपू, पाणी सुटलेली.
१२ डिसेंबर. मेहरूणचं बोर, अर्धं पिकलेलं.
३ जानेवारी. गूळ.
२० जानेवारी. गूळ, जुना.

संक्रांत झाल्यावर त्या लेकीकडे पुण्याला गेल्या,
डोळ्याच्या ऑपरेशनला.
वही माझ्या हातात.
"रोज एक ओळ. दिसेल तेच लिहायचं."
मला रंग दोनच ठाऊक,
लाल वायर, काळी वायर.
आठ दिवस लिहिलं: लाल.
लाल.
कालच्यासारखाच लाल.
नवव्या दिवशी सकाळी साडेसातला
ऊन जाळीतून तिरपं येत होतं,
लिहिलं: आतून बल्ब लावल्यासारखा.
दुपारी तोच घडा पुन्हा पाहिला
आणि ओळ खोडली.

महिन्यानं बाई परतल्या. काळा चष्मा.
जिना चढून थेट गच्चीवर, पायात चपला तशाच.
चष्मा कपाळावर सरकवला.
एक डोळा मिटला, उघडला,
मग दुसरा.
"अहो, केळफूल आहे हे!
वरच्या पाकळीचा रंग, तो जांभळट.
गूळ कुठाय यात?"

खाली येऊन वही उघडली.
सात हिवाळ्यांचा गूळ.
मला वाटलं, आता सगळं खोडतील.
पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.
सात वर्षं डोळ्यात पिवळी काच घेऊन
त्या ऊन मोजत होत्या,
आणि ऊन काचेलाही रंग चढवत होतं,
घड्याला चढवत होतं तसाच, गुपचूप.

एकही शब्द खोडला नाही.
समासात बारीक अक्षरांत लिहिलं,
"डावा डोळा, मोतीबिंदू,"
आणि तीच ओळ प्रत्येक जानेवारीपुढे.

मी रिकामा कॅन उचलला.
जिन्यापर्यंत आल्या सोबत.
"ती नववी ओळ खोडलीत ना,
तीही परत लिहा.
आणि तिच्याखाली दुपारचीही.
वेळ घालायला विसरू नका."