आठ कुणाचे

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळची आमची लॅब
साडेसहाला उघडते.
मी शटर वर ढकलते
तेव्हा ते माझ्या अंगात आधीच चढलेलं असतं.
गजर व्हायच्या मिनिटभर आधी डोळे उघडतात ना,
ते त्याचंच काम.
मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन टोप्या,
एक तिकोनी, एक कोरीसारखी.
तिथून ते निघतं अंधारातच,
डेपोतला माणूस पहिल्या खानापूर गाडीचं इंजिन
प्रवासी यायच्या आधी तापवून ठेवतो, तसं.
यकृतातली साखर थोडी सुटी करून ठेवतं,
कंडक्टरची चिल्लर.

कॉर्टिसॉल.
साखर, थायरॉईड, लघवी यांच्या गर्दीत
आठवड्यातून एखादंच येतं.
चिठ्ठीवर डॉक्टर हुद्दारांचं अक्षर:
सकाळी आठ, दुपारी चार. दोन नमुने.

भरमा नागोजी मजुकर, वय शेहेचाळीस,
उद्यमबागेतल्या फौंड्रीत भट्टीवर.
शांतव्वानं रजिस्टरात त्याचं नाव कन्नडमध्ये लिहिलं,
मी ट्यूबवर इंग्रजीत,
आणि तो बाही वर करत मराठीत म्हणाला,
"बाई, आठ कुणाचे?
माझे काय घड्याळाचे?"

मी दोरी आवळली. मूठ मिटा म्हटलं.
"अकरा वर्षं तिसरी पाळी.
आता घरी जाऊन भाकरी खाणार आन् झोपणार.
तुमचे आठ म्हणजे माझे रात्रीचे दहा की हो."

मनगटावर ठिणग्यांचे जुने डाग,
त्यांच्यामधून शीर सापडली लगेच.
रक्त नेहमीसारखंच.
रक्ताकडे बघून कळत नाही
त्यात किती वाजलेत.

पुस्तकातली रेघ मला पाठ आहे:
उठल्यावर अर्ध्या तासात शेंड्याला,
मग दिवसभर उतरण,
मध्यरात्री तळ.
पण ती रेघ काढणाऱ्यानं
उजेडात उठणारा माणूस धरलाय.
मजुकरची मध्यरात्र म्हणजे
लाल लोखंड पळीत घेऊन साच्यावर वाकणं.
तिथं तळ गाठून कसं चालेल?
आणि सकाळी तिसऱ्या गेटापाशी
शाळेच्या रिक्षांमधून सायकल काढताना
ऊन डोळ्यांत शिरतं, आत जाऊन सांगतं, उठ.
पाय सांगतात, नीज.
ते बिचारं कुणाचं ऐकणार?

फॉर्मवर वेळेसाठी एक चौकोन आहे.
त्यात ८.०० लिहिलं.
झोपायच्या आधी की उठल्यावर,
याला चौकोन नाही.
मी कडेला बारीक अक्षरात लिहिलं,
रात्रपाळी करून आलेला, अजून झोपलेला नाही.
शांतव्वा म्हणाली, मशीनला वाचता येतंय काय ते?
नाही येत.

चारला तो परत आला.
केस ओले, गालावर उशीची घडी.
"मुलगी म्हणते, बाबा, गुड मॉर्निंग,
आन् शाळेतनं आलेली असते."
हसला. दुसरा हात पुढे केला.

आकडे आले दुसऱ्या दिवशी.
सकाळचा जितका हवा त्याहून खाली,
दुपारचा थोडा वर.
छापील कागदावर दोन्हींपुढे तारा.
डॉक्टर काय म्हणतील ते म्हणतील.
कदाचित दुसरंच काही निघेल, कदाचित काहीच नाही.
मला त्या ताऱ्यांचा राग आला, एवढं खरं.

रविवारी त्याला सुट्टी असते.
जाताना सहज बोलला होता:
मजगावातली गल्ली सगळी झोपलेली,
कुत्रीसुद्धा,
आणि हा एकटा कट्ट्यावर, टक्क जागा.
बायको आतून म्हणते, या की आता.
अंग म्हणतं, पाळी.

काल रात्री अडीचला मला जाग आली,
उगाच. गजराला तीन तास होते.
खिडकी उघडली.
थंडी, रस्त्यावर कुणी नाही,
आणि उद्यमबागेच्या बाजूला
आभाळाची कड
फिक्या तांबड्या रंगाची.
त्याचे तेव्हा
दुपारचे साडेचार वाजले असणार.